आगगाडीचा नमुना खरा कधी होतो?

पोळ्याचा दुसरा दिवस उजाडला की आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. पोरे लाकडी नंदीबैल सजवतात, गळ्यात माळ, पाठीवर झूल, आणि दोरीने ओढत पारापर्यंत नेतात. तिथे दोन-चार म्हातारी माणसे बसलेली असतात. एखादा नंदी समोर आला की ती म्हणतात, "वा, हा बैल आहे!" दुसरा येतो तो पहिल्याहून मोठा, जास्त रंगवलेला, पण म्हातारे काही बोलत नाहीत. काय चुकले? वशिंड जिथे असायला पाहिजे तिथे नसते. शिंगे मानेतून निघालेली असतात. जन्मभर ज्यांनी बैल राखले त्यांच्या नजरेला ते पटत नाही. गंमत अशी की दोन्ही बैलांच्या पायांखाली चाके असतात, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. चाके चालतात, पण वशिंड चुकलेले चालत नाही.

आज मला बोलावयाचे आहे ते आगगाडीच्या नमुन्यांबद्दल, वाफेच्या इंजिनांच्या काळातल्या. तरी सुरुवात नंदीबैलापासून केली, कारण प्रश्न तोच आहे. नमुना लहानच असणार, त्यात काही गोष्टी सोडाव्याच लागणार. मग कोणती चूक चाके होते आणि कोणती वशिंड?

तुम्ही म्हणाल, बाभूळगावच्या माणसाला आगगाडीचे काय? आपल्या गावात रूळच नाही. खरे आहे. पण गाव धामणगाव-यवतमाळ रस्त्यावर आहे. यवतमाळला गाडी येण्याच्या आधी तिकडचा कापूस याच रस्त्याने बंड्यांत भरून धामणगावच्या स्टेशनवर जाई. धामणगाव मुंबई-नागपूरच्या मोठ्या मार्गावर. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी अरुंद रुळांची गाडी झाली. किलिक निक्सन या व्यापारी कंपनीच्या हाताखालची सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी तिची मालक. लोकांनी तिला 'शकुंतला' म्हटले आणि तेच नाव टिकले. यवतमाळ ते मूर्तिजापूर सुमारे ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर आणखी पाऊणशे. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले झेड.डी. जातीचे वाफेचे इंजिन १९२३ पासून या मार्गावर राबले, आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. आता तर ती गाडीही धावत नाही.

म्हणजे ज्यांनी त्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकला ती माणसे अजून आहेत, पण म्हातारी झाली आहेत. आणि आज शाळेत असलेल्या मुलाने ते इंजिन चालताना पाहिलेले नाही. त्याला आगगाडी कळणार ती चित्रातून, सिनेमातून आणि कोणीतरी केलेल्या नमुन्यातून. तो नमुनाच चुकीचा असेल तर पुढच्या पिढीच्या डोक्यात चुकीची शकुंतला राहील, आणि ती दुरुस्त करायला तेव्हा कोणी उरलेला नसेल.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत विज्ञानाचे प्रदर्शन होते. मी पाहुणा म्हणून गेलो होतो. आठवीच्या मुलांनी थर्माकोलची शकुंतला केली होती. काळा रंग, लाल चाके, धुराड्यातून कापसाचा पांढराशुभ्र धूर. आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. एका मुलाचे आजोबा आले होते, ते या मार्गावर फायरमन होते. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिले आणि म्हणाले, "पोट्टेहो, गाडी झ्याक हाय. पण हे इंजन जागीच अडते न."

मुले हिरमुसली. त्यांना वाटले, म्हातारबुवा खोड काढताहेत. पण त्यानंतर पाऊण तास आजोबा जे बोलले ते मला पुस्तकांतून इतके स्वच्छ समजले नव्हते. त्यातले आठवते तेवढे सांगतो, आणि त्यात माझी थोडी भर घालतो.

पहिली गोष्ट धुराड्याची. मुलांनी ते इंजिनाच्या पाठीवर मधोमध बसवले होते, घराच्या धाब्यावर बसवावे तसे. ते तिथे का नसते? भट्टी मागे असते, ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात त्याच्या लगत. भट्टीतला जाळ आणि धूर बॉयलरमधल्या नळ्यांतून पुढे जातात. नळ्यांच्या भोवती पाणी असते, ते तापते आणि वाफ होते. नळ्या संपतात तिथे, अगदी पुढच्या टोकाला, धुराची पेटी असते. तिच्या डोक्यावर धुराडे. म्हणजे धुराडे पुढे असते ते शोभेसाठी नव्हे, धूर तिथे पोचतो म्हणून. आणि ते जे मधले गोल टेंगूळ दिसते, तो घुमट. पाण्यापासून जितके उंच जावे तितकी वाफ कोरडी मिळते, म्हणून ती वरून घ्यायची. ही एवढी वाट ज्या मुलाला कळली त्याला नमुना करताना चित्र पाहावे लागत नाही. कोणता भाग कुठे बसतो हे तो स्वतःच सांगतो.

शिवाय वाफेचे काम सिलिंडरात संपले की ती वाफ वाया जात नाही. तिला त्याच धुराड्यातून जोराने वर सोडतात. ती जाताना धुराच्या पेटीतली हवा ओढून नेते, त्यामुळे मागे भट्टीत वारा शिरतो आणि जाळ भडकतो. चढावर इंजिन जितके जास्त ओढील तितका जाळ आपोआप वाढतो. लोहाराचा भाता जसा, तसा हा भाता इंजिन स्वतःच चालवते. 'झुक्-झुक्' म्हणून आपण जो आवाज काढतो तो या भात्याचा.

आता कापसाच्या धुराकडे या. आजोबांनी विचारले, "महिना कोणता दाखवला?" मुले गप्प. कोणता महिना हा विचारच त्यांनी केला नव्हता. पण तो करावा लागतो, बरं का. धुराड्यातून दोन गोष्टी निघतात. एक धूर, तो काळा किंवा राखाडी. नुकताच कोळसा टाकला असेल आणि तो नीट जळत नसेल तेव्हा दाट. हुशार फायरमन फार काळा धूर होऊ देत नाही, कारण तो न जळलेला कोळसाच असतो. दुसरी वाफ. थंड हवेत तिचे बारीक थेंब होतात म्हणून ती पांढरी दिसते. पौषातल्या पहाटे इंजिन पांढऱ्या ढगात बुडून जाईल. पण वैशाखात, आपल्याकडे हवा तापून पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते तेव्हा, वाफ दिसते न दिसते तोच विरते. तेव्हा पांढऱ्या कापसाचा धूर लावायचाच असेल तर शेजारी शेकोटी आणि घोंगडी पांघरलेली माणसे दाखवा. नाहीतर झाडाला आंबे आणि इंजिनावर हिवाळा, असे व्हायचे.

"जागीच अडते" हे आजोबा का म्हणाले, ते सर्वांत महत्त्वाचे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना चाकांना जोडणारे लोखंडी दांडे असतात. मुलांनी दोन्ही बाजूंचे दांडे एकाच जागी बसवले होते, इकडचा खाली तर तिकडचाही खाली. दिसायला ते नीटनेटके वाटते. पण तुम्ही सायकल चालवता ना? एक पायटा अगदी वर आणि दुसरा अगदी खाली असताना नुसता दाब देऊन पाहा. सायकल हलत नाही. दाब सरळ आसावर जातो, चाक फिरत नाही. सायकलला चालते, कारण आपण पायाने धक्का देऊन ती जागा ओलांडतो. इंजिन त्या जागी उभे राहिले तर त्याला धक्का कोण देणार? म्हणून एका बाजूचा दांडा दुसऱ्या बाजूपेक्षा पाव फेरा पुढे ठेवलेला असतो. एक बाजू अडण्याच्या जागी आली की दुसरी ऐन जोरात असते. नमुन्यात हा पाव फेरा चुकला की रंग कितीही सुंदर असो, ज्याने इंजिन चालवले त्याला ते मेलेले दिसते. मंडळी, वशिंड ते हेच.

आणि हाच पाव फेरा कानालाही ऐकू येतो. प्रत्येक सिलिंडरमध्ये वाफ दट्ट्याला एकदा पुढून आणि एकदा मागून ढकलते. दोन सिलिंडर, म्हणून चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके. शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात जरूर घालावे. मोठ्या मार्गावरच्या डब्ल्यू.पी. इंजिनाची (तेच ते, गोल नाकावर चांदणी असलेले, १९४७ पासून आपल्याकडे आलेले) मोठी चाके ५ फूट ७ इंच व्यासाची. परीघ सुमारे ५.३५ मीटर. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी गेली तर सेकंदाला बारा ठोके पडतात, म्हणजे वेगळे ऐकूच येत नाहीत, नुसती घरघर होते. अरुंद रुळांवर इंजिन लहान, चाके लहान. व्यास एक मीटर धरा आणि वेग माणसाच्या चालीचा, ताशी पाच किलोमीटर. सेकंदाला दोन ठोकेसुद्धा होत नाहीत. स्टेशनातून निघताना 'झुक्... झुक्...' असे मोजता येईल इतके संथ. रेडिओवर एकदा एक नाटक ऐकत होतो. गाडी होती खेडेगावची, आणि आवाज लावला होता मेलगाडीचा! नाटक चांगले होते, पण माझे लक्ष काही शेवटपर्यंत जागेवर आले नाही.

आता मापाकडे वळू, कारण मापाशिवाय खरेपणाची गोष्ट करणे व्यर्थ आहे.

आपल्या मोठ्या मार्गाच्या दोन रुळांत १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट अंतर असते. शकुंतलेच्या रुळांत ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली तीही अडीच फुटीच. नेरळहून माथेरानला चढणारी गाडी त्याहून अरुंद, दोन फुटी. युरोपात आणि अमेरिकेत मात्र बहुतेक ठिकाणी १४३५ मिलिमीटर. जगात दुकानातून मिळणाऱ्या नमुन्याच्या गाड्या या १४३५ च्या हिशेबाने केलेल्या असतात, आणि त्यांत सर्वांत जास्त चालणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा. हा १४३५ चा सत्त्याऐंशीवा भाग.

इंग्लंडमध्ये याची एक मजेदार भानगड झाली. तिथली खरी इंजिने अंगाने लहान. सत्त्याऐंशीवा भाग केला तर त्या काळची विजेची मोटर आत मावेना. तेव्हा कारखानदारांनी इंजिनाचे अंग थोडे मोठे केले, फुटाला चार मिलिमीटर या मापाने, म्हणजे सुमारे शहात्तरावा भाग. रूळ मात्र होता तोच ठेवला. त्यामुळे त्या नमुन्यातली गाडी खऱ्या हिशेबाने चार फूट दीड इंचाच्या रुळावर चालते, आणि असली रेल्वे इंग्लंडात नव्हतीच. समोरून पाहिले तर धिप्पाड माणसाने तोकडे धोतर नेसावे तशी ती दिसते. लाखो लोकांनी ती आनंदाने विकत घेतली आणि खेळवली, त्यात काही पाप नाही. पण काहींना ते सहन होईना. १९६० च्या दशकात अशा लोकांनी हातांनी चाके आणि रूळ घडवून १८.८३ मिलिमीटरचे अचूक माप प्रचारात आणले. इतर लोक त्यांची थट्टा करीत की हे बसतात रिव्हेट मोजत. मला विचाराल तर रिव्हेट मोजणारा कंटाळवाणा असेल, पण ज्या गावात असा एकही माणूस नाही तिथली मापे शंभर वर्षांत विसरली जातात.

आपली पंचाईत त्याहून मोठी. साडेपाच फुटांचा सत्त्याऐंशीवा भाग १९.२६ मिलिमीटर होतो. म्हणजे त्या मापाने केलेले डब्ल्यू.पी. इंजिन दुकानातल्या १६.५ च्या रुळावर ठेवले की ते जवळजवळ तीन मिलिमीटरने तोकडे पडते. आपल्या मोठ्या मार्गाचा तो डौल, रुळांवर पाय फाकून उभे राहिल्यासारखा, तोच नाहीसा होतो. शकुंतलेचे उलट आहे. तिचे ७६२ मिलिमीटर १६.५ वर बसवायचे तर प्रमाण सेहेचाळिसावा भाग येते, आणि हे माप हाताळायला फार सोयीचे. अमेरिकेत अरुंद रुळांचे शौकीन अठ्ठेचाळिसावा भाग धरून याच दुकानी रुळावर आपल्या अडीच फुटी गाड्या चालवतात. फरक उरतो तो अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. तेवढी चाके नंदीबैलाला असू द्यावीत.

पण खेड्यातल्या शाळेने दुकानी रुळाच्या मागे लागूच नये. माझी सूचना अशी की फुटाला अर्धा इंच धरा, म्हणजे चोविसावा भाग. जुन्या इमारती आणि जुनी इंजिने फूट-इंचांतच बांधलेली, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. शकुंतलेचे रूळ सव्वा इंचावर. साडेपाच फूट उंचीचा माणूस पावणेतीन इंचांचा. आणि मोठ्या मार्गाचे रूळही पावणेतीन इंचांवर, कारण तेही साडेपाच फूट! म्हणजे नमुन्यातला माणूस आडवा ठेवला तर डोके एका रुळाला आणि टाच दुसऱ्या रुळाला लागेल. प्रमाण तपासण्याची याहून सोपी युक्ती मला माहीत नाही. नुसती युक्तीच, बरं का. खऱ्या रुळांत मुलांना आडवे व्हायला सांगू नका.

साहित्य आपल्या अंगणात आहे. रुळांखालचे स्लीपर बाभळीच्या चिपांचे करा. गावाच्या नावाचीही लाज राखली जाईल. गिट्टी म्हणून पुष्कळ जण रंगीत वाळू घालतात. खऱ्या मार्गावर काळ्या पाषाणाची फोडलेली खडी असते, साधारण दोन इंचांपर्यंतची. चोविसावा भाग म्हणजे दोन मिलिमीटर. खडी फोडण्याच्या यंत्राखाली जी कच पडते ती दोन चाळण्यांनी गाळली की नेमकी हीच मिळते, आणि दगडही तोच. परदेशातला शौकीन याला पैसे मोजतो. स्लीपर थेट काळ्या मातीवर टाकू नका. आपली माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसते रूळ टाकले तर एका पावसात वाकडे होतील. म्हणून खाली मुरुमाचा भराव, वर गिट्टी. नमुन्यात हे थर कडेने दिसू द्या.

वळणांचे काय? नमुन्याच्या गाड्या टेबलावर गोल गोल फिरतात, आणि तिथेच खरेपणा पहिल्यांदा मरतो. मोठ्या मार्गावर वळणाची त्रिज्या १७५ मीटरच्या खाली जात नाही. सत्त्याऐंशीव्या भागातसुद्धा ती दोन मीटर होते. कोणाच्या घरात एवढी जागा आहे? अडीच फुटी मार्ग मात्र ४४ मीटर त्रिज्येपर्यंत वळू शकतो, म्हणून तर तो डोंगरदऱ्यांत आणि स्वस्तात बांधता आला. चोविसाव्या भागात हे सुमारे सहा फूट. शाळेच्या वऱ्हांड्यात एक वळण खुशाल बसते.

लांबीचा हिशेब मात्र कोणालाच जमत नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर आपल्या मापाने केले तर नमुना पावणेपाच किलोमीटर होईल! तेव्हा सोडावे लागणारच. काय सोडायचे, यातच नमुना करणाऱ्याची अक्कल दिसते. मी तर म्हणेन, गाडी पळवूच नका. एकच जागा निवडा, आणि ती मूर्तिजापूरची निवडा.

का, ते सांगतो. मूर्तिजापूरला अरुंद रूळ आणि मोठे रूळ शेजारी येत. यवतमाळहून आलेला डबा पुढे मुंबईला जाऊ शकत नसे, कारण त्याची चाके त्या रुळावर बसत नाहीत. म्हणून इकडच्या डब्यातली प्रत्येक कापसाची गाठ हमालांनी पाठीवर किंवा हातगाडीवर घेऊन तिकडच्या डब्यात भरायची. शकुंतलेने मुंबईकडे निघालेला माल या फळीवरून गेला. एक अरुंद डबा, एक मोठा डबा, मधे फलाट, गाठी आणि माणसे: दोन हात लांबीच्या पाटावर हे सगळे मावते, आणि अरुंद रुळांनी काय वाचले आणि काय खर्ची पडले ते पाहणाऱ्याला न सांगता समजते.

इथे एक चूक हमखास होते. आठवीच्या त्या मुलांनीही केली होती. उघड्या डब्यात मोकळा कापूस, ढीग करून. सुंदर दिसतो, पण विचार करा. शेतातून निघतो तो सरकीसकट कापूस. त्यात वजनाने सुमारे एक भाग रुई आणि दोन भाग सरकी. तो तसाच मुंबईला पाठवायचा म्हणजे दोन भाग सरकीचे भाडे भरायचे. कोणता व्यापारी भरील? म्हणून यवतमाळसारख्या ठिकाणी जिन आणि प्रेस निघाले. जिनमध्ये सरकी वेगळी झाली, प्रेसमध्ये रुई दाबून लोखंडी पट्ट्यांनी आवळली. आजची गाठ १७० किलोची असते. लांबीला चार फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्या नमुन्यात दोन इंच. मोकळा कापूस दाखवायचा तर बंडीत दाखवा, जिनच्या फाटकाबाहेर. आणि ती बंडी १९३० सालची असेल तर तिला रबरी चाके लावू नका. तुंबा, आरे आणि लोखंडी धाव, असे लाकडी चाक करा. सुताराला विचारा, आरे किती आणि तुंबा केवढा. त्याला आनंद होईल.

साल ठरवण्याची ही गोष्ट इंजिनाहूनही नाजूक आहे. एकदा साल ठरले की टेबलावरच्या प्रत्येक वस्तूला ते लागू. १९३० असेल तर स्टेशनच्या पाटीवर यवतमाळचे इंग्रजी नाव जुन्या 'येवतमाळ' अशा वळणाचे हवे. वाफेचे इंजिन आणि शेजारी मोबाइलचा मनोरा, हे तर मी डोळ्यांनी पाहिले आहे. तसेच पाण्याचे. वाफेचे इंजिन पाणी पिते, बैलापेक्षा कितीतरी जास्त. ज्या नमुन्यात पाण्याची टाकी नाही, कोळशाचा ढीग नाही, राख पाडायची जागा नाही, ते इंजिन उद्या सकाळी चालणार कसे? स्वच्छ चकचकीत इंजिन दुकानाच्या काचेत शोभते. कॅलिफोर्नियात जॉन अ‍ॅलन नावाच्या गृहस्थाने आपल्या नमुन्याच्या रेल्वेवर गंज, काजळी आणि झिजलेली लाकडे इतक्या निगुतीने दाखवली की पुढे जगभरच्या लोकांनी त्याचे अनुकरण केले. तो १९७३ साली वारला आणि थोड्याच दिवसांत त्याचे बहुतेक काम आगीत जळाले. उरली ती छायाचित्रे.

दुसरे एक उदाहरण मला जास्त जवळचे वाटते. रॉय इंग्लंड नावाचा एक ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ साली इंग्लंडला आला. शाकारलेल्या छपरांची जुनी घरे एकेक करून पाडली जाताहेत, बदलताहेत, हे त्याने पाहिले. त्याने ठरवले की या घरांची मापे घ्यायची आणि नमुने करून ठेवायचे. लाँग विटनम या खेड्यात १९५४ साली त्याने पेंडन नावाचे संग्रहालय सुरू केले. तिथे घरे पुठ्ठ्याची आहेत, पण प्रत्येक घरामागे एक खरे घर आहे, ज्याची मापे कोणीतरी जाऊन घेतली. रेल्वे आहेच, पण ती गावासाठी. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे, १९९८ साली लोकांना खुले झालेले. ते पाहून मुले उड्या मारतात, आणि मारावयाच्याच. पण तिथले शहर कल्पनेतले आहे. पेंडनसारखे आपल्या वऱ्हाडचे कोणी अजून केलेले नाही.

ते शाळा करू शकते. खर्च टेप, वही आणि मुलांच्या दोन रविवारांचा. शकुंतलेच्या मार्गावर जी इमारत, जो खांब अजून उभा असेल त्याची मापे घ्या. परवानगी आधी मागा. आणि धामणगावसारख्या चालू मार्गावर तर रुळाजवळ मुलांना मुळीच नेऊ नका, फलाटावरूनच पाहा. उंच भिंत मोजायची तर शिडी नको: एका विटेची आणि दर्जेची जाडी मोजा, मग विटांचे थर मोजा. छायाचित्र काढताना फुटाफुटांवर खुणा केलेली काठी भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे पुढे कोणालाही त्यावरून माप काढता येईल. नागपूरला मोतीबागेत अरुंद रुळांचे संग्रहालय आहे, २००२ साली उघडलेले. तिथे मुलांना नेऊन चाकाजवळ उभे करा. चित्रात इंजिन केवढे आहे ते कळत नाही, जवळ उभे राहिले की कळते. नवी मोठी लाइन तर आपल्याच बाजूने येत आहे. वर्धा ते कळंब गाडी २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. ती आली की जुन्याकडे कोण पाहणार?

आणि माणसांना विचारा. पाणी कुठे घेत? राख कुठे पाडत? डबा कुठे भाजे? पावसाळ्यात गाडी कुठे थांबून राही? उत्तरे ज्याची त्याच्या शब्दांत लिहून घ्या, आपल्या पुस्तकी मराठीत फिरवू नका.

त्या प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षी त्याच मुलांनी पुन्हा इंजिन केले. या वेळी पुठ्ठ्याचे आणि पत्र्याचे, फुटाला अर्धा इंच. धुराडे पुढे, दांडे पाव फेऱ्यावर, धुराच्या जागी काहीच नाही, कारण महिना वैशाखाचा ठरला होता. आजोबांना मुद्दाम बोलावले. त्यांनी चाक हाताने फिरवून दोन्ही बाजूंनी पाहिले, मान हलवली, मग इंजिनाचे छप्पर हळूच उचलून आत डोकावले.

"फावडं कोठी हाय?" त्यांनी विचारले.

मुलांनी आगपेटीच्या काडीचे फावडे त्याच दुपारी केले.